बाबांची कचेरी

मे महिन्याची सुटी लागली कीं आमच्या घरांत मुलांचा गलका वाढतो, आणि त्याबरोबर मुलांचे प्रश्नहि. यंदाचा प्रश्न आमच्या पुतण्याच्या मुलीनें काढला. ती सात वर्षांची आहे. रात्रीं पानें वाढून झालीं होतीं, आमटी निवत होती, आणि तिनें सर्वांच्या देखत बापाला विचारलें, "बाबा, तू रोज बॅंकेंत जाऊन दिवसभर काय करतोस?"

"काम करतों."

"म्हणजे काय करतोस?"

"म्हणजे... काम."

"मग मला एकदां घेऊन चल. मी बघीन."

(हल्लींच्या मुली बापाला अरेतुरे करतात. त्याचें वाईट वाटून घेणें आम्हीं केव्हांच सोडून दिलें आहे.)

बाप "बघूं" म्हणाला. गृहस्थाच्या तोंडचें "बघूं" म्हणजे "नाहीं", हें सात वर्षांच्या पोरीलाहि कळतें. ती ताकभात न खातांच पानावरून उठली.

मग घरांत दोन पक्ष पडले. आमच्या वहिनींचें म्हणणें, न्यायला काय हरकत आहे. आईच्या शाळेंत ती दोनदां जाऊन आली, तेथें तिनें कांहीं मोडलें नाहीं. पुतण्याचें म्हणणें, तेथें पाहण्यासारखें आहे काय? एक टेबल, एक संगणक आणि समोर लोकांची रांग. अर्ध्या तासांत ती कंटाळेल. कारण पटण्याजोगें होतें, पण तें खरें नव्हतें. खरें कारण रात्रीं उशिरा, गच्चीवर आम्ही दोघेच असतांना बाहेर आलें. "काका," तो म्हणाला, "तिथें लोक मला वाटेल तें बोलतात. यंत्र बंद पडलें तरी मलाच, वरून नियम बदलला तरी मलाच. साहेबहि चारचौघांत बोलतात. मला त्याची सवय झाली आहे. पण तिच्यासमोर? तिला वाटतें, बाबाला सगळें येतें."

आम्हीं लागलींच उत्तर दिलें नाहीं. हा संकोच आम्हांला परका नव्हता. एका नोकरदार बापाच्या चेहऱ्यावर तो आम्हीं साठ वर्षांपूर्वीं पाहिला होता. फक्त त्या वेळीं आम्ही मुलाच्या बाजूला होतों.

आमचे वडील तारमास्तर होते. तालुक्याच्या गांवीं टपाल आणि तार मिळून एकच कचेरी, आणि तिच्या मागल्या खोलींत तारयंत्र. ज्या वाचकांचा जन्म अलीकडचा आहे त्यांना हें यंत्र सांगूनच समजावें लागेल. लांकडी पाटावर बसविलेली पितळेची एक कळ. ती दाबली कीं तारेंतून विजेचा प्रवाह सुटे, सोडली कीं तुटे. दुसऱ्या टोंकाला 'साउंडर'. त्यांतील विद्युच्चुंबक प्रवाह आला कीं एक दांडी खालीं ओढून घेई, आणि प्रवाह तुटतांच ती वर उडे. खालीं येतांना एक टोला, वर जातांना दुसरा. दोन टोल्यांमधला अवकाश थोडा असेल तर तो बिंदु, लांबला तर ती रेषा, आणि बिंदु-रेषांच्या जुळणीनें अक्षर. एक बिंदु म्हणजे इंग्रजी 'ई', एक रेषा म्हणजे 'टी'. ऐकणाऱ्या पोरांना मात्र हें सगळें 'कडकट्ट कडकट्ट' एवढेंच.

१९६५ सालच्या मे महिन्यांत, नऊ वर्षांचे असतांना, आम्हीं कचेरींत येण्याचा हट्ट धरला. वडिलांनीं आधीं साफ नाहीं म्हटलें. तारखोलींत बाहेरच्या माणसाला मज्जाव असे. तारेंतला मजकूर फोडणाऱ्या नोकराला १८८५ च्या तारकायद्यानें तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली होती, आणि वडील त्या कायद्याचें नांव रामरक्षेइतक्याच गांभीर्यानें घेत. शेवटीं पोस्टमास्तरांनींच रदबदली केली. "अहो, पोराला इंग्रजी कुठें येतें अजून? बसेल दाराशीं," असें ते म्हणाले, आणि आम्हांला तारखोलीच्या उंबरठ्याबाहेर एक तिवई मिळाली.

तेथून आम्हीं जें पाहिलें तें घरांतल्या वडिलांहून निराळें होतें. घरीं ते मितभाषी, किंबहुना थोडे घुमेच. पोळी करपली तरी बोलत नसत, आणि आम्हीं पहिला नंबर मिळवला तरीहि बोलत नसत. येथें त्यांचा उजवा हात पेन्सिलीनें भराभर लिहीत होता, डाव्या हातानें ते कागद सारखे करीत होते, आणि त्याच वेळीं टपालाच्या थैल्या मोजणाऱ्या पोस्टमनच्या प्रश्नाला उत्तरहि देत होते. ते स्वतः विडीकाडीला शिवत नसत, पण साउंडरच्या मागें सिगारेटचा रिकामा पत्र्याचा डबा उभा करून ठेवलेला होता. आवाज त्यांत घुमून मोठा होतो, असें त्यांनीं आम्हांला समजावून दिलें. घरीं त्यांनीं आम्हांला इतकें सविस्तर असें कांहींच कधीं समजावलें नव्हतें. आमची छाती फुगली.

ती फार वेळ फुगलेली राहिली नाहीं. अकराच्या सुमारास गांवांतला एक आडत्या आला. गुळाच्या भावाची त्याची तार आदल्या दिवशीं उशिरा पोंचली होती, आणि तेवढ्यांत सौदा हातचा गेला होता. उशीर वाटेंत तार तुटल्यामुळें झाला होता. तें वडिलांनीं सांगितलेंहि, पण आडत्यानें ऐकलें नाहीं. सरकारचें अन्न खातां, फुकटचा पगार घेतां, असें तो सगळ्या कचेरीला ऐकूं जाईल इतक्या मोठ्यानें बोलत राहिला. वडील जाळीच्या आंत उभे होते. त्यांनीं एकदां आमच्याकडे पाहिलें आणि नजर काढून घेतली. आमचे कान तापले. आम्हांला वाटत होतें, आतां बाबा याला चांगलें सुनावतील. त्यांनीं सुनावलें नाहीं. "तक्रार लिहून द्या, मी पुढें पाठवतों," म्हणून त्यांनीं कागद पुढें केला, आणि त्याच्या मागें उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईच्या तारेचे शब्द मोजावयास घेतले. शब्दागणिक पैसे पडत. वडिलांनीं तिचे दोन शब्द कमी करून दिले आणि मजकूर तोच राहिला. हें त्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें नाहीं. आम्ही अजून आडत्याशीं मनांतल्या मनांत भांडत होतों.

दुपारीं दोघांनीं एकाच डब्यांतली पोळीभाजी खाल्ली. अडीचच्या सुमारास यंत्र पुन्हां बोलूं लागलें. वडील लिहूं लागले आणि त्यांची पेन्सिल थांबली. असें सकाळपासून एकदांहि झालें नव्हतें. त्यांनीं कळ दाबून पलीकडच्याला कांहीं विचारलें. पलीकडून आधीं आला होता तसाच खडखडाट पुन्हां आला. त्यांनीं तो लिहून घेतला, कागदाची घडी घालून पाकिटांत घातली, पाकिटावर नांव घातलें, वहींत नोंद केली. तारा वांटणारा शिपाई बाहेर गेलेला होता. पाकीट टेबलावर पडून राहिलें. वडिलांनीं साउंडरमागचा डबा काढून खालीं ठेवला. मग आमच्याकडे वळून विचारलें, "तहान लागली का रे?" आम्हांला तहान लागलेली नव्हती. तरी त्यांनीं स्वतः उठून माठांतलें पाणी आणून दिलें.

शिपाई साडेतीनला आला आणि इतर पाकिटांबरोबर तेंहि घेऊन गेला. कचेरी सुटल्यावर आम्ही बापलेक घरीं निघालों. एरवीं झपाट्यानें चालणारे वडील त्या दिवशीं वाटेंत दोनदां थांबले. एकदां चपलेचा अंगठा पाहण्यासाठीं, आणि एकदां कशासाठींच नाहीं.

आम्ही राहत होतों त्या वाड्यांत माडीवर एक काकू राहत. त्यांचे यजमान फिरतीवर असत. काकूंचें माहेर म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. बाकीचें कोणी उरलें नव्हतें. या सुटींत मी न्यायला येतों, असें त्या भावाचें पत्र आलें होतें, आणि काकूंनीं त्यांच्यासाठीं बेसनाचे लाडू करून ठेवले होते. त्यांतला एक सकाळींच आमच्या हातावर पडला होता. आम्ही वाड्यांत शिरलों तों काकू चौकांत पायरीवर बसलेल्या, शेजारीं आमची आई व इतर बायका, आणि काकूंच्या हातांत न फोडलेलें पाकीट. बायकांपैकीं कोणालाच इंग्रजी येत नव्हतें, आणि पुरुषमाणसें अजून घरीं परतलीं नव्हतीं. तार म्हटली कीं त्या काळीं घरांत रडूं सुरू होई, काकू मात्र म्हणत होत्या, "दादाच येतोय म्हणून कळवलें असेल. त्याला पत्राचा कंटाळा." वडिलांना पाहतांच त्या उठल्या, पदर सारखा केला आणि पाकीट पुढें धरलें. "भावोजी, एवढी तार वाचून द्यातां का?"

पाकिटावर वडिलांचेंच अक्षर होतें. तें आम्हीं ओळखलें. वडिलांनीं पाकीट फोडलें, कागद उघडला, आणि चार-पांच शब्दांच्या त्या कागदावर ते बराच वेळ डोळे ठेवून उभे राहिले. मग ते आईला म्हणाले, "त्यांना जरा धर."

रात्रीं अंथरुणावर आम्हीं विचारलें, "तुम्हांला दुपारींच ठाऊक होतें?"

वडील म्हणाले, "तार त्यांच्या नांवाची होती."

याहून अधिक ते त्या रात्रीं बोलले नाहींत, आणि पुढेंहि कधीं नाहीं. परंतु आम्ही पुष्कळ वेळ जागे होतों. मागच्या कित्येक संध्याकाळी आठवत होतों. वडील आले, पाय धुतले, आणि कोणाशीं न बोलतां माजघरांत भिंतीला टेकून बसले. आम्ही समजत होतों कीं आमचें कांहीं चुकलें, किंवा हा त्यांचा स्वभावच. अशा संध्याकाळीं आम्हीं त्यांच्याबद्दल मनांत बराच राग धरलेला होता. आईनेंहि धरला असावा. कारण त्या दिवसानंतर ते तसे बसले कीं ती आम्हां भावंडांना हळूच दुसरीकडे नेई, आणि त्यांच्या शेजारीं चहाचा पेला ठेवून निघून येई.

हें सर्व आम्हीं पुतण्याला गच्चीवर सांगितलें. त्यानें विचारलें, "आणि त्या आडत्याचें काय? तुम्हांला त्याचें वाईट वाटलें नाहीं?" वाटलें. आजहि वाटतें. पण त्या एका दिवसानें आमच्या मनांतून वडिलांची किंमत उतरली कीं चढली, हें ज्याचें त्यानें ठरवावें. आम्हीं त्यापूर्वीं त्यांचें भय बाळगलें होतें. ते माणूस आहेत, हें त्या दिवशीं कळलें.

मुलानें बापाचें काम पाहावें यासाठीं मुद्दाम बेत करावा लागतो, ही गोष्टच मुळीं फार जुनी नाहीं. पुण्याच्या तांबट आळींतल्या पोराला बाप दिवसभर काय करतो, हें विचारावें लागत नसे. तें पाळण्यांतच त्याच्या कानीं पडत होतें. वैद्याचा मुलगा खल पाहत वाढे, भिक्षुकाचा पंचपात्र. आम्ही त्या काळाचे गोडवे गाऊं इच्छीत नाहीं. त्या सोबतींत जातीची बेडीहि होती: बापाचा धंदा दिसे तो डोळे मिटण्यासाठीं नव्हे, तर तोच पुढें करण्यासाठीं, आणि मुलींना तर पाहण्याचीहि मुभा बेताचीच. पण आमच्या पांढरपेशा घरांनीं कचेरीची वाट धरली आणि मुलापुरता बाप सकाळीं दहाला नाहींसा होऊं लागला. त्याची एक टोपी, एक डबा आणि एक कंटाळलेली संध्याकाळ एवढेंच घराच्या वांट्याला आलें. हल्लीं आईहि जाते, म्हणजे दोन डबे.

क्वचित् कोणाची कचेरीच घरीं येई. दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, तेव्हां रोहिदासाचें काम त्यांच्याच मुलानें, भालचंद्रानें केलें. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्यें बालकृष्ण झाली ती त्यांची मुलगी मंदाकिनी. आणि सरस्वतीबाई तर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक उरकून रात्रीं फिल्मला भोंकें पाडण्याचें काम करीत. त्या मुलांना बाबा काय करतात, हें विचारण्याचें कारण पडलें नसावें. आई काय करते, हें मात्र जगानें फार उशिरा विचारलें.

अमेरिकेंत १९९३ सालीं 'मिझ फाउंडेशन फॉर विमेन' या स्त्रियांच्या संस्थेनें मुलींना आईबापांबरोबर कामावर नेण्याचा एक दिवस सुरू केला. मुली वयांत येऊं लागल्या कीं त्यांचा स्वतःवरचा विश्वास ओसरतो, त्यांनीं कामाचीं ठिकाणें आणि तेथें काम करणाऱ्या स्त्रिया डोळ्यांनीं पाहाव्या, असा त्यामागचा विचार होता. एप्रिलचा चौथा गुरुवार त्यासाठीं नेमला गेला आणि २००३ सालीं मुलग्यांनाहि त्यांत घेतलें गेलें. कल्पना उत्तम, फक्त अशा दिवशीं कचेऱ्या मुलांसाठीं फुगे बांधतात आणि खाऊ वांटतात, त्याचें आम्हांला थोडें भय वाटतें. फुगे बांधलेल्या कचेरींत मुलाला कचेरी कशी दिसणार? २०२० च्या मार्चांत टाळेबंदी झाली, तेव्हां शेजारच्या घरांत याच्या उलट प्रकार आम्हीं पाहिला. आईबाप दोघेहि महिनोन् महिने मुलासमोरच काम करीत होते. मुलानें पाहिलें काय, तर एक पाठ, आणि ऐकलें काय, तर "आवाज करूं नकोस". समोर असणें निराळें आणि सोबत नेणें निराळें.

येथें एक गोष्ट लिहिल्यावांचून राहवत नाहीं. आमच्याच राज्यांत अशीं हजारों मुलें आहेत कीं ज्यांना आईबापांबरोबर कामावर जाण्यासाठीं हट्ट धरावा लागत नाहीं. दिवाळीच्या आगेमागें बीड व आसपासच्या भागांतून ऊसतोडीला टोळ्या निघतात. नवराबायकोच्या जोडीला तेथें 'कोयता' म्हणतात; माणसाचें नांवच हत्यारावरून. घरीं सांभाळणारें कोणी नसलें तर मूलहि बरोबर निघतें, थोरलें असेल तर धाकट्याला फडाच्या कडेला राखतें, आणि शाळेचें अर्धें वर्ष तेथेंच संपतें. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानें सर्वत्र बंदी केली. पण आईच्या मागोमाग फडांत उभ्या असलेल्या मुलाला कोणी कामावर ठेवलेलें नसतेंच. बांधकामावरच्या अशा मुलांसाठीं मीरा महादेवन् यांनीं १९६९ सालीं दिल्लींत फिरतीं पाळणाघरें सुरू केलीं, आणि तो वसा पुढें मुंबई-पुण्यापर्यंत आला. आमच्या नातीचा एक दिवस गमतीचा ठरतो, कारण दुसऱ्या दिवशीं तिला घरीं राहतां येतें.

असो. पुतण्या ऐकून खालीं गेला. पुढच्या आठवड्यांत, एका बुधवारीं, तो तिला घेऊन गेला. साहेबांची परवानगी काढली होती. साहेबांनींच तिच्यासाठीं खुर्ची मागविली, असें कळलें. ज्या साहेबाच्या भयानें आमचा पुतण्या झोपत नव्हता, तोहि कोणाचा तरी बाप असणार.

संध्याकाळीं ती आली ती बोलतच. नोटा मोजण्याचें यंत्र तिला फार आवडलें होतें. चहावाल्यानें तिला बिस्किट दिलें होतें. "आणि एक आजोबा बाबावर खूप ओरडले. त्यांचे पेन्शनचे पैसे आले नव्हते. बाबानें त्यांना बसायला दिलें, पाणी दिलें. मग तो किती वेळ संगणकांत शोधत होता. मग म्हणाला, चूक आमची आहे, सॉरी." येथें ती थांबली. "पण आजी, चूक त्यानें केलीच नव्हती. दुसऱ्या कुणी तरी केली होती. तरी तो सॉरी म्हणाला."

वहिनींनीं आमच्याकडे पाहिलें. पुतण्या मोजे काढीत होता. त्याला ते काढावयास फार वेळ लागला.

रोज संध्याकाळीं तो दार उघडून आंत येतो तेव्हां ती धांवत जाते आणि विचारते, "काय आणलेंस?" दुसऱ्या दिवशीं, गुरुवारींहि ती तशीच धांवत गेली. पिशवीकडे मात्र तिनें पाहिलें नाहीं.

"बाबा, आज ते आजोबा आले होते का रे?"

"नाहीं," तो म्हणाला. "पैसे झाले त्यांचे जमा. उद्यां येतील, पासबुक भरून घ्यायला." आणि तो तिला तेथेंच, दारांत उभ्या उभ्या, आजोबांचे पैसे कुठें अडकले होते तें सांगूं लागला.